अठ्ठेचाळीसचा एल्बो: पाइपच्या मॉडेलमध्ये कोन नेमका कुठून धरायचा?

"साहेब, हा अठ्ठेचाळीसचा एल्बो कुठल्या दुकानात मिळतो तेवढं सांगा, म्हणजे दोन जास्तीचे आणून ठेवतो."

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माझा आयसो हातात धरून आमचे मिस्त्री हे अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: आयसो म्हणजे पाइपच्या एका लाइनीचं तिरकस दिसणारं चित्र. त्यावर लांब्या, एल्बो, फ्लॅन्ज (पाइपच्या टोकाची, बोल्टनं जोडायची भोकांची चकती) सगळं लिहिलेलं असतं आणि फिटर त्यावरूनच पाइप कापतो. आणि एल्बो म्हणजे पाइपचं वळण. बाजारात ते सहसा ९० अंशांचं किंवा ४५ अंशांचं मिळतं. ४८ अंशांचं हवं असेल तर ९०चा एल्बो आणून तो कापावा लागतो. कुणी मुद्दाम तसं करत नाही.

मी म्हणालो, सॉफ्टवेअरनं काढलाय आकडा. मिस्त्रींनी खिशातून खडू काढला.

"वर किती जायचंय?"

"तीनशे."

"बाजूला?"

"चारशे."

"मग झालं की. तीन, चार, पाच. गवंडी गुण्या धरतो तीच गोष्ट. पाचशेचा तिरका, पंचेचाळीसनं जायचं." त्यांनी जमिनीवर त्रिकोण काढला, खडू खिशात टाकला आणि चहाला गेले.

सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. मी त्याला दोन कोन भरवले होते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. फक्त सॉफ्टवेअर जो प्रश्न विचारत होतं त्याची ती उत्तरं नव्हती. "कोन ३० अंश" हे अर्धवट वाक्य आहे. कोणत्या रेषेपासून, कोणत्या बाजूला वळून आणि कोणत्या प्रतलात, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. पाइपच्या मॉडेलमधल्या दिशांच्या बहुतेक सगळ्या चुका या तीन रिकाम्या जागांमध्ये पडतात.

वर म्हणजे कुठे?

शाळेत आलेखाच्या कागदावर आरंभबिंदू असतो, एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष. कोणताही बिंदू दोन आकड्यांत सांगता येतो. पाइप हवेत फिरतो म्हणून तिसरा अक्ष जोडायचा. इथवर काही अवघड नाही. गोंधळ सुरू होतो तो अक्षांच्या नावांवरून.

कारखान्याचं त्रिमितीय मॉडेल ज्यात बनतं त्या पीडीएमएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्व, उत्तर आणि वर असे तीन अक्ष असतात. एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर, झेड म्हणजे वर. पण पाइपवर येणारा ताण तपासायला आपण सीझर-टू उघडतो, तिथे न सांगता वर जातो तो वाय. इमारतीचा सांगाडा तपासणाऱ्या स्टाड-प्रोमध्येही तसंच. कारण साधं आहे. सांगाड्याचं गणित करणारे लोक कागदावर बाजूचं चित्र काढत, त्यात वाय उभाच असायचा. नकाशा काढणाऱ्यांनी कागद जमिनीवर पसरला, त्यांचा वाय उत्तरेला गेला आणि उंचीला झेड उरला. कोकणात आम्ही घाटावर "वर" जातो आणि कोकणात "खाली" उतरतो. तिथे वर म्हणजे जवळपास पूर्वच. ज्यानं त्यानं आपापल्या उतारावरून अक्ष ठरवलेले असतात.

आता एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकडे न्यायचे. पूर्व ती पूर्व, म्हणजे एक्स तोच. उंची झेडमधून वायमध्ये. मग उत्तर? नवशिक्या उरलेल्या झेडमध्ये उत्तर टाकून मोकळा होतो, आणि इथे सगळा कारखाना आरशात जातो. डावीकडे वळणारी लाइन उजवीकडे वळते. लांब्या, उंच्या, एल्बोंची संख्या सगळं तंतोतंत जुळतं, फक्त प्लांट उलटा होतो.

हे टाळायला उजवा हात पुढे करा. अंगठा एक्स, तर्जनी वाय, आणि मधलं बोट तळव्यापासून काटकोनात पुढे काढलं की तो झेड. आता अंगठा पूर्वेकडे आणि तर्जनी आभाळाकडे धरून पाहा. मधलं बोट दक्षिणेकडे जातं. म्हणजे वाय वर असलेल्या पद्धतीत झेड दक्षिणेकडे वाढतो, आणि उत्तर म्हणजे उणे झेड. ते एक उणे चिन्ह विसरलं की आरसा. ऑफिसात भर दुपारी कुणी उजव्या हाताची तीन बोटं विचित्र धरून बसलेलं दिसलं तर तो योगासनं करत नाहीये, हे ओळखावं.

घड्याळ कुठल्या दिशेला फिरतं?

कॉलेजच्या गणितात कोन पूर्वेपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या उलट वाढतो. सर्वेक्षण करणारा माणूस कोन उत्तरेपासून धरतो आणि तो घड्याळाप्रमाणे वाढतो. उभ्या टाकीला किंवा कॉलमला (उंच उभ्या टॉवरला) नोझल, म्हणजे पाइप जोडायची तोंडं, कुठे आहेत हे दाखवणाऱ्या ड्रॉइंगवरही सहसा सर्वेक्षणाचीच पद्धत असते: ० म्हणजे प्लांटची उत्तर, ९० म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण.

दोन्हींची सांगड घालायला एक वजाबाकी पुरते. ९० मधून नकाशाचा कोन वजा केला की गणिताचा कोन. नोझल १२० अंशांवर असेल तर गणिताच्या हिशेबानं ते उणे ३०.

समजा कॉलमच्या मध्यापासून नोझलचं तोंड १८०० मिलिमीटरवर आहे आणि कोन १२०. नकाशाच्या पद्धतीत पूर्वेकडचं अंतर साइननं निघतं आणि उत्तरेकडचं कोसाइननं. म्हणजे पूर्वेला १५५९ आणि उत्तरेला उणे ९००, अर्थात दक्षिणेला ९००. नोझल आग्नेयेला. शाळेच्या सवयीनं आडव्याला कोसाइन आणि उभ्याला साइन लावलं, तर पूर्वेला उणे ९०० आणि उत्तरेला १५५९. नोझल थेट वायव्येला, कॉलमच्या दुसऱ्या अंगाला.

यात एक गंमत आहे आणि ती मला बरीच उशिरा कळली. साइन आणि कोसाइनची अदलाबदल म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य रेषेवर धरलेला आरसा. त्या रेषेवरचे बिंदू जागचे हलत नाहीत. तेव्हा एखाद्यानं आपली एक्सेल शीट ४५ अंशांच्या नोझलवर तपासली, तर चुकीची शीटसुद्धा उत्तर बरोबर देते. माणसाला ४५ हा कोन तपासणीसाठी फार आवडतो, आणि इथे नेमका तोच निरुपयोगी. कोणताही हिशेब तपासायचा तर १२० किंवा २०० असा बेढब कोन घ्यावा, ज्याचे पूर्व-उत्तर आकडे वेगळे येतात आणि चिन्हंही दिसतात.

उलट दिशेचा हिशेब, म्हणजे अंतरावरून कोन काढणं, आणखी फसवं. उत्तरेचं अंतर भागिले पूर्वेचं अंतर आणि त्याचा उलटा टॅन, असं आपण शिकलो. पण पूर्वेला ५०० आणि उत्तरेला ४०० गेलो काय, किंवा पश्चिमेला ५०० आणि दक्षिणेला ४०० गेलो काय, भागाकार ०.८ च येतो. दोन्ही चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि कॅल्क्युलेटर दोन्ही वेळा ३८.६६ सांगतो, जरी दुसरा पाइप बरोबर पाठमोरा चालला असला तरी. म्हणून संगणकात दोन्ही अंतरं वेगवेगळी घेणारं एक फंक्शन असतं, एटॅन-टू. त्याला चिन्हं दिसतात म्हणून चारही चरण ओळखू येतात. पण तिथेही एक खड्डा आहे. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये या फंक्शनला आधी वाय द्यायचा आणि मग एक्स. एक्सेलमध्ये आधी एक्स आणि मग वाय. मी एकदा एक्सेलमधलं सूत्र जसंच्या तसं पायथनमध्ये उतरवून अर्धा दिवस घालवला आहे. आणि हो, दोघांनाही कोन अंशांत कळत नाही, रेडियनमध्ये कळतो. ३० चा साइन ०.५ ऐवजी उणे ०.९९ आला तर तेच झालेलं असतं.

एक पाइप, पाच कोन

आता मिस्त्रींच्या त्रिकोणाकडे. लाइन पूर्वेकडे चालली होती. पुढच्या फ्लॅन्जला गाठायला तिला ४०० उत्तरेला आणि ३०० वर सरकायचं होतं, आणि सरकून झाल्यावर पुन्हा पूर्वेकडेच जायचं होतं. याला रोलिंग ऑफसेट म्हणतात, कारण एल्बो सरळ उभाही नसतो आणि सरळ आडवाही नसतो. तो पाइपभोवती थोडा लोळवून बसवलेला असतो. एकूण सरकणं ५००, तीन-चार-पाचच्या हिशेबानं. ४५चे एल्बो वापरले तर तेवढंच म्हणजे ५०० पुढेही जावं लागतं. तेव्हा तिरक्या तुकड्याचा हिशेब असा: ५०० पूर्व, ४०० उत्तर, ३०० वर. लांबी ७०७.१ मिलिमीटर.

याचा कोन किती?

आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी या पाइपची जमिनीवर पडलेली सावली म्हणजे प्लॅन. सावली पूर्वेला ५०० आणि उत्तरेला ४००, म्हणून तिचा पूर्वेशी कोन ३८.६६ अंश. आता दक्षिणेकडून टॉर्च मारा आणि उत्तरेच्या भिंतीवर सावली पाहा: ५०० आडवी, ३०० उभी, कोन ३०.९६. पश्चिमेकडून, म्हणजे लाइन जिकडून येते तिकडून पाहिलं तर ४०० आडवी आणि ३०० उभी, ३६.८७. खुद्द पाइप जमिनीशी किती अंशांनी चढतो? २५.१. आणि तो मूळच्या पूर्वेकडच्या लाइनीशी किती वळतो? ४५.

पाच कोन, पाचही खरे, पाइप एकच. त्यातले तीन सावल्यांचे कोन आहेत आणि दोनच पाइपचे स्वतःचे. ड्रॉइंगवर मात्र सावल्याच दिसतात, कारण प्लॅन आणि एलेव्हेशन (बाजूनं पाहिलेलं चित्र) म्हणजे सावल्याच.

मी काय केलं होतं? प्लॅनवरून ३८.६६ वाचला. शेजारच्या एलेव्हेशनवरून ३०.९६ वाचला. सॉफ्टवेअरनं "आडवा कोन" विचारला तिथे पहिला टाकला, "उभा कोन" विचारला तिथे दुसरा टाकला, आणि लांबी ७०७. सॉफ्टवेअरला उभा कोन म्हणजे पाइपचा जमिनीशी खरा चढ हवा होता, म्हणजे २५.१. मी त्याला भिंतीवरच्या सावलीचा चढ दिला. भिंतीवर सावली पडताना उत्तरेकडची लांबी दबून जाते, म्हणून सावली नेहमी जास्त उभी दिसते. परिणाम: पाइप ३०० ऐवजी ३६४ वर गेला, पूर्वेला ५०० ऐवजी ४७४ आणि उत्तरेला ४०० ऐवजी ३७९. आणि मूळ लाइनीशी त्याचा कोन झाला ४७.९६ अंश. तोच तो अठ्ठेचाळीसचा एल्बो.

मिस्त्रींनी ७०७ लांबीचा हिशेब केला नव्हता. त्यांना फक्त एवढं माहीत होतं की बाजारात न मिळणारा एल्बो ड्रॉइंगवर आला की कुणीतरी ऑफिसात चुकलेलं असतं. हा निकष आजही मी सॉफ्टवेअरच्या कोणत्याही एरर रिपोर्टपेक्षा वरचा मानतो.

पीडीएमएसमध्ये ही दिशा लिहायची पद्धत मला आवडते, कारण ती बोलल्यासारखी आहे: "ई ३८.६६ एन २५.१ यू". वाचायचं असं: पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, उत्तरेच्या बाजूला ३८.६६ अंश वळा, आता मान २५.१ अंश वर करा. कुठून, कुठल्या बाजूला, कुठल्या प्रतलात, तिन्ही रिकाम्या जागा त्या एका ओळीत भरलेल्या आहेत.

दुसरी पद्धत डायरेक्शन कोसाइनची. पाइपचा प्रत्येक अक्षाशी सरळ कोन घ्यायचा आणि त्याचा कोसाइन लिहायचा. नाव भारदस्त आहे पण प्रत्यक्षात ती साधी वाटणी आहे: एक मीटर पाइपातून पूर्वेच्या वाट्याला किती, उत्तरेच्या किती, उंचीच्या किती. इथे ५००, ४०० आणि ३०० यांना ७०७.१ नं भागा: ०.७०७१, ०.५६५७, ०.४२४३. तिघांचे वर्ग करा: ०.५०, ०.३२, ०.१८. बेरीज बरोबर १. ती नेहमी १ यायलाच हवी, आणि हीच या पद्धतीची फुकटात मिळणारी तपासणी. कोनांमध्ये अशी सोय नाही. या तीन कोसाइनांचे कोन ४५, ५५.५५ आणि ६४.९ आहेत, त्यांची बेरीज १६५ च्या आसपास येते आणि त्यावरून काहीच कळत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शक्य तिथे कोन लिहूच नयेत. सुरुवातीचा बिंदू द्यावा आणि फरक द्यावेत: पूर्वेला इतका, उत्तरेला इतका, वर इतका. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर फरक घेतं. फरकाला घड्याळाची दिशा नसते आणि सावली पडत नाही. साईटवर फिटरही फरकच मोजतो. ओळंबा सोडतो, लेव्हल ट्यूबमधलं पाणी पाहतो, टेप लावतो. कोनमापक घेऊन पाइपवर चढलेला फिटर मी तरी पाहिलेला नाही.

याला एक अपवाद, आणि तो एल्बोचाच. जिथे बाजारातला ४५ बसवायचा आहे तिथे ४५ हा कोन पक्का आणि अंतर त्याच्यामागून यायला हवं. फरक मिलिमीटरला गोल करून टाकले की एल्बो ४४.९ होतो आणि सॉफ्टवेअर लगेच कापायची सूचना छापतं.

उताराच्या लाइनींत तर फरकच लिहावा. सांडपाण्याच्या किंवा ज्यात पाणी साचायला नको अशा लाइनींना १:२०० असा बारीक उतार देतात. त्याचा कोन ०.२८६५ अंश. कुणी तो ०.३ केला, तर ६० मीटरच्या लाइनीत शेवट ३०० ऐवजी ३१४ मिलिमीटर खाली जातो. आणि डायरेक्शन कोसाइनमध्ये तर उतार नाहीसाच होऊ शकतो: १:१०० उताराच्या पाइपचा आडव्या अक्षाशी कोसाइन ०.९९९९५. चार दशांश ठेवणाऱ्या फाइलमध्ये तो १ होतो. उंचीकडचा कोसाइन, ०.०१, मात्र टिकतो. म्हणजे लहान कोन कोसाइनवरून कधी काढू नये, साइनवरून काढावा.

पाइपचं स्वतःचं पूर्व-पश्चिम

आतापर्यंतचे अक्ष सगळ्या प्लांटचे, म्हणजे गावाला एकच. पण प्रत्येक पाइपला स्वतःचेही अक्ष असतात: एक पाइपच्या लांबीच्या दिशेनं, दोन त्याला आडवे. ताणाचं गणित सॉफ्टवेअर आतमध्ये या घरच्या अक्षांत करतं आणि नंतर गावच्या अक्षांत बदलून दाखवतं. रिपोर्ट वाचताना कोणते अक्ष आहेत हे न पाहणं म्हणजे पगार रुपयांत की डॉलरमध्ये हे न विचारता नोकरी धरण्यासारखं.

खरा मार बसतो तो आधारांना. ५० मीटरची कार्बन स्टीलची लाइन २०० अंश सेल्सिअसनं तापली तर सुमारे १२० मिलिमीटर वाढते. तिला बाजूला हलू न देता लांबीच्या दिशेनं सरकू देणारा आधार म्हणजे गाइड. समजा लाइन प्लॅनमध्ये ४५ अंशांनी तिरकी आहे आणि कुणी घाईत आधार "झेडमध्ये अडव" असा दिला. झेड हा गावचा अक्ष, आणि सीझर-टूमध्ये तो आडवा, दक्षिणेकडे जाणारा. १२० मिलिमीटरच्या वाढीतला त्या दिशेचा वाटा ८५. तो आधार आता गाइड राहिला नाही. तो वाढीलाच आडवा उभा राहिला. सॉफ्टवेअर इमानदारीनं तिथे प्रचंड बल दाखवतं, मग त्या बलासाठी जाडजूड स्ट्रक्चर सुचवलं जातं, आणि सिव्हिलचे लोक विचारतात की या चार इंची लाइनीला हत्ती बांधायचाय का. अशा जागी पाइपच्या अक्षातला गाइड तरी द्यावा, नाहीतर आधाराच्या दिशेचे कोसाइन स्वतः भरावेत.

प्लांटची उत्तर आणि खरी उत्तर

कारखान्याची जमीन क्वचितच उत्तरेला तोंड करून असते. रस्ता, नदी, किनारा, जमिनीची हद्द, जे असेल त्याच्याशी समांतर रॅक आणि इमारती बसतात. मग एक सोयीची "प्लांट नॉर्थ" ठरवतात, म्हणजे सगळ्या लाइनी ० आणि ९० अंशांत येतात आणि कुणाला रोज त्रिकोणमिती करावी लागत नाही. खरी उत्तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एका छोट्या बाणात राहते. तो बाण दोनदा तरी लागतो. एकदा फ्लेअर, म्हणजे जादा वायू जाळायची उंच चिमणी, कुठे उभारायचा हे ठरवताना, कारण वाऱ्याची आकडेवारी खऱ्या उत्तरेवर असते. आणि एकदा सर्वेक्षणाचे खुंट आणि मॉडेल यांची गाठ घालताना. प्लांटची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला २८ अंश असेल आणि आपण ती पूर्वेला फिरवली, तर चूक २८ची होत नाही, ५६ची होते.

सर्वेक्षणाचे आकडे जसेच्या तसे मॉडेलमध्ये टाकण्याचा मोह आवरावा. मुंबईजवळच्या बिंदूचा उत्तरेचा ग्रिड आकडा २१ लाख मीटरच्या पुढे असतो, कारण तो विषुववृत्तापासून मोजलेला असतो. काही सॉफ्टवेअर आणि चित्र दाखवणारी ग्राफिक्स यंत्रणा आकडे ३२ बिटांत ठेवते, आणि त्यात साधारण सातच अंक खरे राहतात. २१ लाखांच्या आकड्यापाशी दोन शेजारच्या किमतींमध्ये पाव मीटरचं अंतर पडतं. फ्लॅन्ज एकमेकांत घुसलेले दिसतात, पाइप थरथरतो. म्हणून प्लांटच्या एका कोपऱ्याला सोयीचा आरंभबिंदू देऊन तिथून मोजायचं.

शेकडो किलोमीटरच्या गॅसलाइनीला ही पळवाट नाही. तिथे पृथ्वीचा गोलावा मध्ये येतो. यूटीएम नावाच्या पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा रेखांशांच्या फाका करून प्रत्येक फाक सपाट केली आहे. मुंबई-पुणे ४३व्या फाकेत येतात आणि नागपूर ४४व्या. मधली शीव ७८ पूर्व रेखांश, जी अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जाते. मुंबईहून नागपूरकडे जाणारी पाइपलाइन ती ओलांडतेच. शिवेच्या अलीकडे लाइनीचा पूर्वेचा आकडा सुमारे ८,१२,००० मीटर असतो आणि एका पावलात तो १,८८,००० होतो, कारण प्रत्येक फाकेच्या मधल्या रेषेला ५,००,००० हा आकडा दिलेला आहे.

आकडा उडी मारतो हे दिसतं तरी. कोनही उडी मारतो हे पटकन दिसत नाही. फाकेच्या मध्यरेषेवर ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर एकच असते. कडेला जाऊ तसं त्यांच्यात अंतर पडतं. या शिवेवर ४३व्या फाकेची उत्तर एका बाजूला एक अंशाहून थोडी जास्त कललेली आणि ४४व्याची दुसऱ्या बाजूला तेवढीच. म्हणजे जमिनीवर काठीसारखी सरळ असलेली लाइन कागदावर दोन अंशांहून जास्त वळते. दोन अंश म्हणजे किलोमीटरला ३५ मीटर. न कळता कुणी तिथे एक बेंड मांडला तर शेतकऱ्याच्या विहिरीतून लाइन जायची. त्यासाठी सबंध लाइन एकाच फाकेच्या हिशेबात ओढतात, किंवा शिवेवरच्या बिंदूंचे आकडे दोन्ही फाकांत लिहून ठेवतात.

लोळण

परत शेडमध्ये. मी मॉडेल सुधारलं, फरक भरले, एल्बो ४५चा आला. नवा आयसो घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी तो पाहिला आणि विचारलं, "फ्लॅन्जची भोकं कशी धरायची?"

दिशा सांगायला दोन कोन पुरतात. पण वस्तू कशी धरली आहे हे सांगायला तिसरा लागतो: ती आपल्याच अक्षाभोवती किती लोळली आहे. नुसत्या पाइपला तो लागत नाही, गोल पाइप कसाही फिरवा. व्हॉल्व्हला लागतो, नाहीतर त्याचं चाक भिंतीकडे तोंड करून बसतं. फ्लॅन्जला लागतो, कारण त्याला भोकं असतात. उभ्या पाइपवर तर हा प्रश्न जास्तच चिडवतो. पाइप सरळ आभाळाकडे गेला की त्याला आडवा कोनच उरत नाही, आणि सॉफ्टवेअर आपल्या नियमानं एखादी दिशा गृहीत धरतं.

वर्कशॉपमध्ये स्पूल, म्हणजे लाइनीचा आधीच जोडून तयार केलेला तुकडा, टेबलावर सपाट ठेवून जोडतात. त्या वेळी भोकं टेबलाच्या हिशेबानं बरोबर असतात. साईटवर तोच स्पूल ३६.८७ अंश लोळवून बसवायचा, म्हणजे भोकंही तेवढी फिरणार. चार इंची, १५० क्लासच्या फ्लॅन्जला आठ भोकं, दोन भोकांत ४५ अंश. ३६.८७ फिरल्यावर जवळच्या भोकापासून ८.१३ अंशांची चूक उरते. भोकांचं वर्तुळ १९०.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे भोक साडेतेरा मिलिमीटर सरकलं. बोल्टला भोकात मोकळीक असते जेमतेम तीन मिलिमीटरची.

माझ्या आयसोवर तो तिसरा कोन नव्हता. मी तिथेच पेननं ३६.८७ लिहायला लागलो, तर मिस्त्री म्हणाले, "राहू द्या. दोन्ही फ्लॅन्ज नुसते टॅक करून पाठवायला सांगा." टॅक म्हणजे ठिपक्याएवढं कच्चं वेल्डिंग.

चार दिवसांनी स्पूल जागेवर चढवला. त्यांनी फ्लॅन्जच्या वरच्या दोन भोकांत दोन बोल्ट उभे केले, त्यांच्यावर स्पिरिट लेव्हल आडवी ठेवली, टॅक फोडून फ्लॅन्ज हातोडीनं हळूहळू फिरवला, बुडबुडा मध्ये आला तेव्हा वेल्डरला खूण केली आणि दुसऱ्या टोकाकडे गेले.